सासूबाईंचं न चाखलेलं रसम

आमच्या सासूबाई स्वयंपाक करताना चव बघत नाहीत. बघत नसत, असं म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच.

माझी आई आमटी ढवळायची, पळीतले दोन थेंब तळहातावर टाकायची, जिभेने टिपायची आणि "मीठ हवंय" असं स्वतःलाच सांगून डब्याकडे वळायची. जगातल्या सगळ्या बायका असाच स्वयंपाक करतात असं मी धरून चाललो होतो. सासूबाईंच्या घरी हे चालत नसे. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं कोणाच्या पानात वाढायचं नाही, हा त्या घरचा नियम. मग मीठ कसं कळतं, असं लग्नानंतर एकदा मी भीत भीत विचारलं होतं.

"वासावरून," त्या म्हणाल्या.

"मिठाला वास कुठे असतो?"

"नुसत्या मिठाला नसतो. अळणी सांबाराची वाफ वेगळी आणि मीठ पडलेल्या सांबाराची वेगळी."

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही, शिवाय स्वभावाने जरा तिरसट. पण त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं जेवलो आणि मीठ कणभरही इकडचं तिकडे झालं नाही. तेव्हा वाफेचा वाद मी मनातल्या मनात मिटवून टाकला.

सासूबाई जन्माने आपल्यातल्याच. सासरे दक्षिणेकडचे. त्यांच्या घरातले पुरुष नोकरीपायी आमच्या गावात येऊन रुळले होते, आपली भाषा झकास बोलायचे. पण सासऱ्यांच्या आई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, स्वयंपाकघराबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांना आपल्या भाषेतलं 'ये', 'बस', 'पुरे' एवढंच यायचं. नव्या सुनेला त्यांची भाषा येत नव्हती. अशा दोन बायका एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

पहिल्याच दिवशी सुनेने सवयीने सांबाराचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. आजेसासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते अख्खं पातेलं उचललं, मागच्या दाराशी नेऊन ओतून टाकलं आणि पुन्हा डाळ धुवायला घेतली. घरचे सगळे जेवायला खोळंबले होते. सासूबाई सांगतात, त्या रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते, पण त्या नुसत्या डाळ धूत राहिल्या.

नंतर शिकवणी सुरू झाली. आजेसासूबाई सुनेला चुलीकडे पाठ करून उभी करायच्या आणि मागे काहीतरी भाजायला घ्यायच्या. आता धणे, आता मेथी, आता मिरची, आता डाळ, हे सुनेने न बघता ओळखायचं. ओळखता आलं की पुढची पायरी, धणे कच्चे आहेत का झाले का करपायला आले, ते सांगायचं. एकदा चुकलं तर "पुरे". बरोबर आलं तरी "पुरे". हा एकच शब्द त्या दोन्हीकडे वापरायच्या आणि सूर ओळखायचं काम सुनेचं. म्हातारपणी आजेसासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा मुलींच्या हातचं त्यांनी बाजूला सारलं आणि सुनेकडे बोट दाखवून रसम मागितलं. सासूबाईंना तेवढी शाबासकी जन्मभर पुरली.

मी त्या घरी पहिल्यांदा जेवलो तो मुलगी बघायला गेलो तेव्हा. वाटीत लाल, पातळ काहीतरी आलं. मला वाटलं टोमॅटोचं सार असेल. एक घोट घेतला आणि नाकापासून पोटापर्यंत सगळं जागं झालं. चिंचेचा आंबटपणा, मिऱ्याचा झटका, हिंगाचा मागून येणारा वास. मी चार वाट्या प्यायलो. मुलीशी काय बोललो ते आठवत नाही. बायको अजून म्हणते की तू मला नाही, रसमाला पसंत केलंस, आणि मी ते कधी खोडून काढत नाही.

पुढे मला परदेशात काम मिळालं आणि आम्ही दोघं इथे आलो. बायको चष्म्याच्या दुकानात लागली. ती माणूस म्हणून लाख मोलाची आहे, पण तिने केलेला भात एक तर खिरीसारखा, नाहीतर खडीसारखा. आईच्या एवढ्या गुणांतला स्वयंपाक सोडून बाकीचे सगळे तिने घेतले. आम्ही पावावर दिवस काढत होतो. घरी जायचं म्हणजे झोपायला जायचं, असा सगळा कारभार होता.

सासरे गेले आणि सासूबाई एकट्या पडल्या. बायको फोनवर रोज सांगायची, इकडे ये. त्यांचं एकच पालुपद, "लेकीच्या घरी राहायचं? तिथलं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात." शेवटी एकदा मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, "आई, पाणी पिऊ नका. स्वयंपाक करा. आमची उपासमार होतेय."

 पलीकडे त्या हसल्या. सासरे गेल्यापासून त्यांचं हसू आम्ही ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "येते. पण स्वयंपाकघर माझं. तुमच्या घरी मी फुकट बसून खाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

आल्या त्या बॅगेत दोन लुगडी कमी आणि लोखंडी तवा, इडलीची भांडी, कॉफीचं पितळी गाळणं आणि हिंगाचा डबा घेऊन. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आली. आठवड्याभरात आमच्या जिन्याला वास यायला लागला. मी कामावरून दमून यायचो, इमारतीचं दार उघडायचो आणि तिथेच कळायचं, आज सांबार आहे की रसम. मी सरळ सांगतो, त्या काळात मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपलं घर आहे. पगार वाढला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती, इडलीचं पीठ. थंडी पडली की पीठ दगडासारखं ढिम्म. सासूबाई भांड्याला शाल गुंडाळायच्या, कपाटात ठेवायच्या, आणि सकाळी झाकण काढून सुतकी चेहऱ्याने बघायच्या. मला एक युक्ती सुचली. आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच कंपनीच्या देखभालीत होती आणि गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली माझ्याकडे. तिथे मोटर दिवसरात्र चालते, खोली कायम उबदार. मी पिठाचं भांडं तिथे नेऊन ठेवायला लागलो. पीठ असं फुगायचं की बघत राहावं. हे नियमात बसत नव्हतं हे उघडच आहे, पण नियम करणाऱ्याने इडली खाल्लेली नव्हती.

एकदा आमचा फोरमन न सांगता तपासणीला आला. तो इथलाच, धिप्पाड, विधुर, आणि तोंडाने फाटका. मनात येईल ते बोलायचं, समोरचा राजा असो की रंक. मशीनरूमचं दार उघडलं तर मोटरच्या शेजारी स्टीलचं भांडं, झाकण वर उचललेलं आणि पीठ कडेवरून खाली उतरायला निघालेलं. 

"हे काय आहे?" त्याने विचारलं. आमचं बोलणं इथल्या भाषेत होतं, मी आपल्या भाषेत सांगतोय.

"जेवण," मी म्हणालो. "म्हणजे, होणार आहे."

"हे जिवंत आहे का?"

"थोडंसं."

त्याने वाकून वास घेतला, विचार केला आणि म्हणाला, "उद्या झालेलं दाखव." दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या इडल्या आणि थर्मासमध्ये रसम घेऊन गेलो. त्याने इडली खाल्ली, मान हलवली. मग रसम प्यायला आणि तिथेच टूलबॉक्सवर बसला. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतः मशीनरूमच्या भिंतीला फळी ठोकली, मोटरपासून लांब, आणि बजावलं, "भांडं इथे. यंत्राजवळ दिसलं तर घरी पाठवीन." तेव्हापासून सासूबाई त्याचा डबा माझ्याबरोबर द्यायला लागल्या. तो रसमाला 'लाल पाणी' म्हणायचा आणि थर्मास धुऊन, पुसून परत करायचा.

असं छान चाललेलं होतं. मग एका थंडीत सासूबाईंना ताप आला. अंग मोडून आलं, चार-सहा दिवस झोपून होत्या, बऱ्या झाल्या. उठल्या त्या थेट ओट्यापाशी गेल्या. आम्ही म्हटलं, विश्रांती घ्या. म्हणाल्या, झाली.

त्यानंतर आमच्या घरात एक गंमत सुरू झाली. गंमत म्हणायची ती आता, तेव्हा नव्हती. सांबार अळणी लागायला लागलं. मग एकदा इतकं खारट की घशाखाली उतरेना. रसमाला चिंचेचा कच्चट वास, मसाला करपट. पण अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आम्हा दोघांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यात मी जावई. सासूच्या स्वयंपाकात खोट काढणारा जावई म्हणजे चुलीत घालायच्या लायकीचा. आणि मुख्य म्हणजे, सासूबाईंचं मीठ चुकेल हे डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सूर्य उशिरा उगवला तर माणूस घड्याळ बिघडलं म्हणतो, तसंच झालं. मला वाटलं, कामावर ग्रीस धुवायला वापरतो त्या सॉल्व्हंटने माझं नाक-तोंड बिघडलं. बायकोला वाटलं, दाताच्या औषधाने तिची जीभ गेली.

मी डब्याबरोबर मिठाची पुडी न्यायला लागलो. एकदा जेवताना माझी नजर खाली गेली तर बायको टेबलाखाली मांडीवर मिठाची डबी उघडून बसलेली. आमची नजरानजर झाली. दोघांनीही काही न बोलता भात कालवला. समोर सासूबाई आमच्याकडे टक लावून बघत होत्या, पण आम्हाला वाटलं, वाढायला बघताहेत.

हा तमाशा मोडला फोरमनने. त्याला जावईपण माहीत नाही आणि अन्नाला नावं न ठेवणंही माहीत नाही. एका दुपारी त्याने लाल पाण्याचा घोट घेतला, थर्मास खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुझी सासू आजारी आहे का?"

"होती. बरी झाली. का?"

"बरी झालेली नाही. मंगळवारी हे समुद्रासारखं होतं. आज नळासारखं आहे. आणि जळक्याचा वास येतोय. तुला येत नाही?"

मला येत होता. आता तुम्हाला सांगतो, माझा अर्धा धंदा नाकावर चालतो. मोटरच्या आतली तारांची गुंडाळी, वायंडिंग, जळायला लागली की धूर नंतर दिसतो, वास आधी येतो. ब्रेकचा वास वेगळा, ग्रीस तापल्याचा वेगळा, वायरचं वेष्टण वितळल्याचा वेगळा. इतके दिवस कामावर माझं नाक बिनचूक चालत होतं आणि घरी जेवताना मात्र मी त्याला खोटं ठरवत होतो. फोरमनने थर्मास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "घरी जा. बघ जाऊन. आजचं काम मी उरकतो."

मी जिना चढत होतो तेव्हाच करपल्याचा वास आला. धणे आणि मेथी, दोन्ही पार कोळशाला लागलेली. दार उघडून आत धावलो. स्वयंपाकघर धुराने भरलेलं. सासूबाई कढईसमोर उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या आणि खिडकीतून कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघत होत्या, शांतपणे, सगळं ठीक असल्यासारख्या. मी गॅस बंद केला तेव्हा त्यांनी कढईत बघितलं. धणे काळे झाले होते.

"येत नाही," त्या म्हणाल्या.

"काय येत नाही?"

"वास. तापापासून काहीच येत नाही. हिंगाचा डबा उघडून नाकाला लावते, तर पिठाचा डबा हुंगल्यासारखं."

मी खिडकी उघडली. त्या खुर्चीत बसल्या आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्या वाळल्या आहेत; तापापासून त्या नुसत्या ताकभातावरच होत्या. म्हणाल्या, "तुमचे चेहरे बघून अंदाज घ्यायचे. कोणी थांबलं की समजायचं चुकलं. पण तुम्ही दोघं थांबतच नाही हो. काहीही वाढलं तरी मुकाट खाता."

म्हणजे त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या ते ह्यासाठी. आणि आम्ही दोघं शहाणे, टेबलाखाली मिठाच्या डब्या लपवून, चेहरा हसरा ठेवून त्यांचा उरलासुरला आधारही काढून घेत होतो.

बायको दुकानातून आली, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सगळं तपासलं आणि सांगितलं की तापानंतर असं होतं. वास परत येईल, कदाचित येणारही नाही, सांगता येत नाही. बाकी तब्येत उत्तम. घरी आल्यावर सासूबाईंनी पदर खोचला, ओटा लख्ख पुसला, तवा आणि कढई घासून फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, माझं परतीचं तिकीट काढा."

"कशासाठी?"

"इतके दिवस इथे होते ती हाताला चव होती म्हणून. आता नुसतं बसून खायचं, ते लेकीच्या दारात? मला जमणार नाही. रागावून सांगत नाही."

बायको रडली, भांडली, मग अबोला धरला. सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत. आजेसासूबाईंनी पातेलं ओतलं तेव्हाचा तो गप्पपणा आता त्यांच्यात उतरला होता. मी तिकिटाचं टाळत राहिलो. आज वेबसाइट बंद आहे, आज कार्ड चालत नाही, आज विमान भरलंय. सासूबाईंनी रोज विचारलं आणि मी रोज नवी थाप मारली. स्वयंपाक बायको करू लागली. घरात पुन्हा खडीचा भात शिजला. फोरमनने पहिल्या दिवशी रिकामे हात बघितले आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव माझ्यापुढे ठेवला.

त्या आठवड्यात आम्ही एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं काम करत होतो. मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात, फोरमन वर मशीनरूममध्ये. खाली असलेल्याला वरचं चाक दिसत नाही आणि वरच्याला खालचा पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात ती पेटी, दिसत नाही. दोघं ओरडून एकमेकांना विचारत राहतात, आला का, सरकला का, थांबव. आयुष्यभर हेच केलं, पण त्या दिवशी खड्ड्यात उभं राहून मला स्वतःच्या बुद्धीची कीव आली. संध्याकाळी घरी गेलो ते हातपाय धुऊन सरळ सासूबाईंपुढे बसलो.

"आई, लिफ्ट एकट्याने दुरुस्त होत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. जावयाचं डोकं फिरलं की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"एक जण वर लागतो, एक खाली. हात तुमचे आहेत. नाक माझं घ्या."

"जावयाला चुलीपाशी उभं करू? लोक काय म्हणतील?"

"इथे लोक कुठे आहेत? आणि आई, एक सांगतो, रागावू नका. लेकीच्या घरी फुकट बसून खाते म्हणता. तुम्ही यायच्या आधी मी ह्या घरी फक्त झोपायला येत होतो. तुम्ही आल्यापासून जेवायला घरी येतोय. ह्याची परतफेड मला ह्या जन्मात जमणार नाही. तुमच्या हाताला चव नसती तरी मी तुमचं तिकीट काढलं नसतं. वेबसाइट कधी बंद नव्हती."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

 मग त्या उठल्या, फडक्यातून कढई सोडवली, गॅसवर ठेवली. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "इकडे तोंड नाही करायचं. भिंतीकडे."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चाळिशी उलटलेला माणूस, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा. बायको दारात उभी राहून तोंडावर हात ठेवून हसत होती. मागे काहीतरी कढईत पडलं.

"काय आहे?"

"धणे."

"आता?"

"कच्चे आहेत अजून. गवतासारखा वास येतोय. थांबा. आता खमंग सुटला. आता काढा, आई, काढा, एखादा दाणा लागतोय."

उलथन्याचा खणखण आवाज आला आणि मग सासूबाईंचा. "पुरे."

मला त्याचा सूर कळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भिंतीकडे तोंड होतं ते बरंच झालं.

मेथी झाली, मिरे झाले, डाळ झाली, मिरचीला मात्र सगळेच खोकलो. मसाला कुटला. चिंचेचं पाणी उकळायला ठेवलं. आता मला वळायची परवानगी मिळाली. सासूबाई ढवळत होत्या आणि विचारत होत्या, कच्चा वास गेला का? मी म्हणत होतो, नाही. आता? थोडा आहे. आता? गेला. त्यांनी डाळीचं वरचं पाणी ओतलं. फेस वर चढायला लागला, पातेल्याच्या काठाशी आला, त्यांनी गॅस बंद केला. फेस बघायला नाक लागत नाही, त्यात त्या अजूनही एक नंबर होत्या.

फोडणी पडली. तूप, मोहरी, हिंग, कढीपत्ता. आणि सासूबाई सवयीने वाफेवर वाकल्या, मीठ बघायला. तशाच जरा वेळ राहिल्या. मग सरळ झाल्या.

"मिठाचं तुम्हाला वाफेवरून नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "त्याला वर्षं लागतात."

"नाही कळायचं," मी म्हणालो.

त्यांनी फळीवरून एक छोटी वाटी काढली. तिच्यात पळीभर रसम घातलं आणि माझ्यापुढे धरली. अजून पानं घेतलेली नव्हती, कोणी बसलेलं नव्हतं. पातेलं ओट्यावर तसंच होतं.

"आई, उष्टं होईल."

"माहीत आहे मला."

मी घोट घेतला. ती सगळी जुनी ओळख जिभेवर आली, चिंच, मिरे, मागून हिंग. मला इतकं बरं वाटलं की तोंडातून निघालं, "छान झालंय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचा तो फोरमन काय म्हणाला असता?"

मी दुसरा घोट घेतला. लग्न झाल्यापासून जे कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते काढायला मला जरा जोर लावावा लागला.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो. "बरंच कमी आहे."

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. मला वाटलं, विसळायला घेतली. त्यांनी ती तोंडाला लावली आणि माझं उरलेलं रसम पिऊन टाकलं. दारात बायकोचं हसू थांबलं. लेकराचं उष्टं आई खाते, जावयाचं सासू खात नाही. सासूबाई डोळे मिटून तोंडातली चव शोधत होत्या.

"आंबट कळतंय," त्या हळूच म्हणाल्या. "तिखट कळतंय. वास नाही, पण जीभ आहे जागेवर. कमी म्हणजे हे एवढं होय."

त्यांनी चिमूट भरून मीठ घातलं, ढवळलं, तीच वाटी न धुता पुन्हा भरली. ह्या वेळी आधी स्वतः प्यायल्या, मग उरलेलं मला दिलं.

"आता?"

"आता झालं."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि लेकीकडे वळल्या. "बघत काय उभी राहिलीस? पानं घे. आणि चिंचेचा डबा दे इकडे, जास्तीची भिजत घालते. उद्या ह्यांच्या फोरमनचा डबा भरायचाय."